घरात माणसं किती

सूर्यमाळच्या एका पाड्यावर, घराच्या ओट्यावर, हर्षाली चाळीस कागद मांडीवर घेऊन बसली होती. तीन वर्षांपूर्वी ती जपानला शिकायला गेली. गाव सोडून इतक्या लांब गेलेली पाड्यावरची ती पहिलीच. तिथल्या विद्यापीठात ‘जागतिक प्रश्न’ या विषयाची पदवी होती, सगळं शिक्षण इंग्रजीतून. आश्रमशाळेत मराठी शिकतानाच तिची दमछाक झाली होती, कारण घरी बोलायची भाषा वेगळी. आता प्रत्येक धडा ती तीन-तीनदा वाचायची: पहिल्यांदा शब्दांसाठी, मग अर्थासाठी, आणि तिसऱ्यांदा वर्गात कुणी काही विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून. बाकीची मुलं एकदा वाचून फिरायला जायची. हर्षाली कुणाजवळ तक्रार करत नसे. मूळची सोशिक. पण या वेळी घरी आली, तेव्हा आल्याआल्या दोन दिवस नुसती झोपली होती.

मार्चच्या सुट्टीत आपल्या भागातल्या पाणीटंचाईचा अभ्यास करायचा आणि महिनाअखेर आकडे पाठवायचे, असं ठरलं होतं. आकडे वेळेत गेले नाहीत तर शेवटच्या सत्रात प्रवेश नव्हता, आणि शिष्यवृत्ती तेवढ्या सत्रापुरतीच उरली होती.

तिने छापील प्रश्न आणले होते. घरात माणसं किती, रोज हंडे किती. जव्हारच्या कॉलेजात शिकणारी तिची चुलतबहीण निशा ते घेऊन घरोघर फिरली. हर्षालीने हिशेब मांडला, तर माणशी सात लिटर पाणी निघालं. टेकडीवर रेंज येते, तिथे चढून जाऊन तिने तो आकडा कळवला. प्राध्यापक बाईंचं उत्तर लगेच आलं. आकडा धक्कादायक आहे, म्हणाल्या, काम महत्त्वाचं होणार. हर्षालीला बरं वाटलं. फार दिवसांनी वाटलं.

आज कागद लावताना तिच्या हाती स्वतःच्याच घराचा कागद आला. माणसं नऊ, हंडे चार.

“आये, नऊ कोण गं?”

काशी सुपात तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. “मोज की. मी, तुझा बा, उमेश, त्याची बायको, दोन पोरं, गंगी, तुझी आजी, नि तू.”

“दादा बायकोपोरं घेऊन वसईला असतो. गंगीचं लगीन होऊन सहा वर्षं झाली. आणि आजी तर गेली!”

“गेली तर गेली. टँकर माणसं मोजून देतात. आमी कमी कशाला सांगू?”

“आणि हंडे चारच?”

“सहा सांगितले तर म्हणतील, यांचं भागतंय.”

“आणि मी? मी कुठे असते इथे?”

काशीने पहिल्यांदाच वर बघितलं. “तू शिकायला गेलीस. घरातनं कुठं गेलीस?”

हर्षालीने तो कागद पुन्हा बघितला. चूक आईची नव्हती. कागदवाला आला की माणसं वाढवायची आणि हंडे कमी करायचे, हे तीही लहानपणापासून करत आली होती. दहा वर्षांची असताना याच ओट्यावर उभं राहून तिने एका साहेबाला न अडखळता ‘अकरा’ सांगितलं होतं. त्या दिवशी आईने तिला गूळ दिला होता. हे सगळं ठाऊक असून, छापील कागद घेऊन आपण दारोदार निशाला पाठवलं, याचं तिलाच नवल वाटलं. एवढी शिकले आणि हे कसं विसरले?

समोरच्या घरातली जानकीकाकी आली. “काय गं, टँकर कदी येतोय? का तुझा जपानहून यायचाय?”

“काकी, तो टँकरचा कागद नव्हता.”

“मग कशाचा?”

हर्षालीला पटकन सांगता येईना. इंग्रजीत तिने त्यावर दहा पानं लिहिली होती.

कागद लावू लागायला आलेली निशा म्हणाली, “ताई, पाठव तसंच. तिथनं कोण मोजायला येतंय?”

तिचंही खरं होतं. हर्षाली इतकी थकली होती की क्षणभर तिला ते पटलंही. पण संध्याकाळी ती टेकडी चढली आणि आकडे खोटे आहेत असं कळवून आली. उत्तर आलं ते थोडक्यात होतं. खरे आकडे द्या, तारीख तीच. सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती वही घेऊन विहिरीवर बसली. तळाला झरा होता, पाणी साचायची वाट बघावी लागे. बायका नंबराने हंडे लावून सावलीला टेकायच्या. इथे कुणी काही विचारायचं नाही, सांगायचंही नाही. कुणाचा हंडा कितीदा भरतो ते दिसतच होतं.

“बसून काय मोजतेस?” जानकीकाकी म्हणाली. “दोर धर. ओढताओढता मोज.”

मग ती ओढत राहिली. हाताला फोड आले. मोजणी दोनदा चुकली, ते दोन दिवस वाया गेले. शेवटी अकरा घरांचे आकडे तेवढे भरवशाचे निघाले. चाळिसांतले अकरा. पाठवले. बाई म्हणाल्या, कमी आहेत, पण घेते; आधीचे का चुकले तेही एका प्रकरणात लिहा. शेवटचं सत्र वाचलं. हर्षालीला आनंद व्हायला हवा होता. तिला झोप आली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती ओट्यावर त्या प्रकरणाला जोडायला अकरा घरांचे कागद नव्याने, इंग्रजीत, उतरवत होती. आपल्या घराचा सगळ्यात शेवटी. काशी शेजारी येऊन बसली.

“आपले किती लावलेस?”

“दोन. तू नि बा.”

काशीने दाराशी ठेवलेल्या हंड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, “दोन तर दोन. खरंच हाय ते. मग गेले पंधरा दिवस तुझ्या आंघोळीचा हंडा कुणाच्या नावावर टाकलास?”

कागदात त्याला जागा नव्हती. हर्षालीने पेन उचललं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: पाहुणी, एक.

“काय लिवलंस?” काशीने विचारलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

हर्षालीने पेनाला टोपण लावलं.

“काय नाय, आये. हंडा दे. नंबर जाईल आपला.”