गोरे सरांनी वाचायला दिलेलं पुस्तक

फोन वहिनींचा होता. "भाऊजी, हे सकाळी गेले," एवढंच म्हणाल्या... मी केडगावात, गोरे सर कर्जतला. एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढंच अंतर. तरी दोन महिने मी त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो. रुसून बसलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कर्जतच्या एकाच शाळेत आम्ही वीस वर्षं शिकवलं. ते विज्ञान, मी मराठी. खोटं आणि भोंगळ विज्ञान कसं ओळखावं, यावरचं एक पुस्तक त्यांच्याकडे होतं, खाकी कव्हर घातलेलं. भेटेल त्याच्या ते गळ्यात मारायचे. अट एकच, पुस्तकात जे चुकलंय असं वाटेल ते मागच्या कोऱ्या पानांवर लिहून द्यायचं. या पुस्तकावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, म्हणायचे. माझ्या निवृत्तीच्या दिवशी ते माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. भेटलो की सर विचारायचे, "शेळके, चूक सापडली का?" मी म्हणायचो, "वाचतोय, सर." सहा वर्षं मी नुसताच वाचत होतो. खरं तर दहावं पानही ओलांडलं नव्हतं.

मध्यंतरी शेतात बोअर घ्यायची म्हणून मी पाणाड्या बोलावला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो शेतभर फिरला, आणि बांधाजवळ नारळ उभा राहिला. "हितं लई पानी हाय, गुरुजी," तो म्हणाला, आणि पाणी लागलंही. मी मोठ्या तोऱ्यात सरांना सांगायला गेलो. त्यांनी चहा पुढे केला आणि हळूच विचारलं, "नारळ जिथं आडवाच राहिला, तिथं खणून पाहिलंत का?" चहा मला कडूच लागला.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी नगरच्या खेपा सुरू झाल्या, माणूस निम्मा झाला. मला बघवेना. कोपरगावकडच्या एका वैदूकडून मी पुडी आणली. त्या औषधानं बरे झालेले तिघे मला स्वतः भेटले होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि थकल्या आवाजात विचारलं, "आणि जे बरे झाले नाहीत, ते कुठं भेटतात हो?" मी ताडकन उठलो. "मरा मग तुमच्या विज्ञानाबरोबर," असं बोलून गेलो... त्यानंतर त्या घरी गेलो तो फोन आल्यावरच.

पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. वहिनींनी आतून ती पुडी आणून माझ्या हातावर ठेवली. पुडीला लावलेली टाचणी तशीच होती. वर पेन्सिलीनं सरांचं अक्षर: 'शेळक्यांनी मायेनं आणली आहे. घ्यायची नाही. टाकायचीही नाही.' मी ओसरीवर बसून रडलो.

त्याला आता सहा आठवडे झाले. पुडी माझ्या टेबलावर आहे, शेजारी पुस्तक. मागच्या पानांवर कुणाकुणाची अक्षरं आहेत. एकानं लिहिलंय, तिसरं प्रकरण पटलं नाही. खाली सरांनी लिहिलंय, तुमचं बरोबर आहे. हल्ली कुणी रामबाण औषध सांगत आलं की मी सरांचाच प्रश्न विचारतो आणि हे पुस्तक सुचवतो. तुम्हालाही सुचवतो, फक्त ही प्रत मागू नका. रोज चार-पाच पानांपुढे जाणं होत नाही, दमायला होतं. पण वाचतोय, सर. या वेळी खरंच.