स्वल्पविरामासकट म्हणणं

डहाणूच्या तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या टायपिस्टकाकांना वाक्य मोठ्याने म्हटल्याशिवाय टाईप करता येत नाही, तेही स्वल्पविरामासकट. त्यामुळे माझ्या घरचं सगळं त्या आवाराला ठाऊक आहे. मला मात्र काकांचं नावही माहीत नाही.

एकदा रांगेत माझ्यापुढे एक पोलिश मुलगी होती, गंजाडला एका आजींकडे वारली चित्रं शिकायला आलेली. व्हिसा वर्षाचा होता, पण एका वेळी किती दिवस राहायचं हे तिने वाचलंच नव्हतं. मुदत उलटली आणि 'परत का पाठवू नये' अशी नोटीस आली.

"यात लिहायचं काय? कायदा तो कायदा," मी म्हणालो. मला उशीर होत होता.

"नोटीस दिली म्हणजे तिला विचारलंय ना? मग सांगू दे," काका म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "बोल बेन."

ती मोडक्या हिंदीत बोलत गेली आणि काका मराठीत गरजत गेले. "चूक माझीच आहे, स्वल्पविराम, परंतु आजींच्या भिंतीवरील लग्नाच्या चित्रात नवरा-नवरीचा घोडा रंगवणे बाकी आहे, पूर्णविराम."

रांग आधी हसली, मग पुढे सरकून ऐकू लागली.

काही दिवसांनी त्यावरचा हुकूम घेऊन ती आली तेव्हा मी पुन्हा रांगेत होतो. काकांनी तोही मोठ्याने वाचला. दंड भरून दहा दिवसांत देश सोडावा, पुन्हा व्हिसा मागण्यास हरकत नाही.

"दहा दिवसांत घोडा होईल ना?" मी विचारून बसलो.

"होईल की." काकांनी नवा कागद चढवला. "तुमचा रहिवासी दाखला ना? इथे कधीपासून राहता, जरा मोठ्याने सांगा."