देव्हाऱ्यापर्यंत

ती पडली तेव्हा माझा उजवा हात तिच्या कमरेला आधारासाठी बांधलेल्या पट्ट्यात होता. तिचा मोजा लादीवरून सटकला आणि आम्ही दोघी खाली आलो. मी वर, ती खाली. आवाज झाला. तिचा खुबा मोडला हे मला लगेच कळलं.

मरोळला एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली मी काम करायचे. शिक्षण चौथी. बाई व्यायाम ठरवून देत, मी घरोघरी जाऊन करून घेई. ही पेशंट माझ्याच वयाची, मालवणकडची. अर्धांगाने डावी बाजू गेलेली. आधी दोघांनी उचलावी लागायची, सहा महिन्यांत माझ्या एका हातावर चालू लागली.

चालताना रबरी तळाच्या चपला हव्यातच, असा बाईंचा नियम. घरात चपला कशाला, असं हिचं म्हणणं. मी रोज भांडून घालायचे.

त्या दिवशी दिवेलागणीला तिला स्वतःच्या हाताने देवापुढे दिवा लावायचा होता.

"देवाकडे चपला घालून जाव? तू जातंस?"

"मी नाही जात."

"मगे माका कित्याक सांगतंस गो?"

तिची सून ओट्याजवळून मला म्हणाली, "काढा हो मावशी, चार पावलं तर आहेत."

मी काढल्या. तिच्या पायात नुसते मोजे राहिले. सुनेला दोष देत नाही. मलाही ते पटलं होतं, म्हणून काढल्या.

ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालली नाही. मी बाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी त्या घरचं माझं काम बंद केलं. मग मी रविवारी नुसती भेटायला जायचे. ती हात पुढे करायची. "उठव गो माका." मला परवानगी नव्हती. मी म्हणायचे, "गप पड." ती शिवी द्यायची आणि हात तसाच ठेवायची. वर्षभराने ती गेली.

नंतर पुष्कळ पेशंट झाले. कोणी जड, कोणी हलके. तिच्याइतकं वजन हाताला पुन्हा मिळालं नाही. काम सोडलं तरी संध्याकाळी तिच्या वेळेला मी उठून उभी राहते, आणि कुठे जायचं नाही म्हणून परत बसते.

त्या संध्याकाळी त्या खोलीत आम्ही तिघी होतो. सूनही मागच्या वर्षी आजारपणात गेली. मी आहे.