परीक्षेतला पेशंट

आमच्या रहिमतपूर भागात मुलगा बारावी झाला की पुढं काय करणार, असं कुणी विचारत नाही. भरतीला पळतो का, एवढंच विचारतात. मी पळत होतो. वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पहाटे ते तोंडात शिट्टी धरून मोटारसायकलवरून माझ्या मागं यायचे आणि फिरायला निघालेली म्हातारी माणसं घाबरून शेतात उतरायची.

साताऱ्याच्या भरतीत मी पळण्यात पास झालो, उडीत पास झालो. मेडिकलला डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. नळी सरकवली, तिच्यावर टिचकी मारली, कानातून काढून पुन्हा घातली.

"पळताना कधी त्रास झाला?"

"नाही सर."

"चक्कर?"

"नाही सर."

मग ती नळी सरकत सरकत उजवीकडं गेली आणि तिथं थांबली. माझं हृदय उजव्या बाजूला होतं. एकोणीस वर्षं मी ते घेऊन हिंडत होतो आणि हे कुणालाच माहीत नव्हतं.

वडील फाटकाबाहेर उभे होते. त्यांना हे सांगितल्यावर ते जराही खचले नाहीत. डॉक्टर बाहेर येईपर्यंत थांबले आणि सावधान उभं राहून म्हणाले, "सायेब, ह्यो तर फायदा हाय. दुश्मन नेम धरणार डावीकडं. गोळी आरपार जाणार आन् पोरगं उभंच!"

डॉक्टरांनी माझ्या छातीकडं पुन्हा एकदा बघितलं. त्यांनी त्यावर खरोखर विचार केला असं मला आजही वाटतं. मग म्हणाले, "नियमात बसत नाही."

घरी आल्यावर आईनं माझ्या छातीवर उजवीकडं हात ठेवला आणि म्हणाली, "आगं बाई, लहानपणी हिकडंच धडधडायचं. मला वाटायचं, पोरगं भेदरट हाय."

त्यानंतर मी काय करायचं हा माझा प्रश्न राहिला नाही. एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर वडिलांचे जोडीदार जमायचे, सगळे निवृत्त फौजी. तिथं रोज संध्याकाळी माझ्यावर बैठक भरायची. एक नायक म्हणाले, बँकेत बंदूकवाला म्हणून लावा. एक सुभेदार म्हणाले, "लावाल, पर बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्याला टेकतोय. धक्का कुठं बसंल? डायरेक्ट काळजाला." सगळे गंभीर झाले. मी चहा आणून देत होतो, मला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी कुणीतरी साताऱ्यातल्या एका सल्लागाराचं नाव काढलं. मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं. तो बोटांचे ठसे घेऊन माणसाला कोणता व्यवसाय जमेल ते सांगायचा. त्यानं माझी दहाही बोटं एका यंत्रावर दाबली. यंत्रानं बराच वेळ घेतला. मग तो टाय सारखा करून म्हणाला, "दोन क्षेत्रं फार बलवान आहेत. खोल समुद्रातलं संशोधन आणि शास्त्रीय नृत्य."

वडिलांनी पहिल्या गोष्टीचा विचार केला. "समुद्रातलं म्हंजी, आपल्या कोयनेत चालंल का?"

"पाणी खारं लागतं," सल्लागार म्हणाला.

"आन् नाच?"

"त्याला पाणी लागत नाही."

बाहेर आल्यावर वडील जिन्यातच थांबले आणि माझ्या पायांकडं बघत राहिले. त्या पायांवर त्यांनी दोन वर्षं मेहनत घेतली होती. टपरीवर त्यांनी फक्त समुद्राचं सांगितलं.

या सगळ्यात शहाणी निघाली ती मिरजेची आत्या. तिनं फोनवरच वडिलांना झापलं. "पोराचं काळीज भलतीकडं हाय आन् तुमी नोकऱ्या बघत फिरताय? आधी दावा कुणाला तरी!" मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. आत्याच्या गल्लीतून बाहेर पडलं की चारी बाजूंनी दवाखानेच. ती मला एका मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथं आधी एक्स-रे काढला. एक्स-रे विभागात एक बाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी फोटो बघितला आणि मदतनिसाला ओरडल्या, "उलटा लावलास!" पुन्हा काढला. पुन्हा तसाच. मग त्यांनी मला उभं केलं, माझा डावा हात धरला आणि विचारलं, "हा कुठला हात?" मी म्हणालो, "डावा." त्यांनी मदतनिसालाही तेच विचारलं. त्याचंही उत्तर बरोबर आलं. तेव्हा कुठं त्यांनी फोटोवर विश्वास ठेवला. मला ते इतकं आवडलं की आत्या बोलवत असताना मी तिथंच थांबून पडद्यावर स्वतःच्या बरगड्या बघत राहिलो.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "तुमच्या पोटातलंही सगळं उलटंच आहे. त्यामुळं एकमेकांशी छान पटतं. काही होणार नाही." आत्यानं हात जोडले. मग डॉक्टरांनी चष्मा काढून जरा अदबीनं विचारलं, "आमच्या मुलांच्या परीक्षेला याल का? पेशंट म्हणून. जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण देऊ."

अशी मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली. काम एवढंच की शर्ट काढून खाटेवर पडून राहायचं. विद्यार्थी यायचे, तपासायचे, आणि मला काय आहे ते परीक्षकांना सांगायचे. एका परीक्षेत मी चांगला वाटलो म्हणून पुढच्या परीक्षेलाही बोलावणं आलं, मग अधल्यामधल्या चाचण्यांनाही. मी आत्याकडंच राहायला गेलो. वडील टपरीवर सांगायचे, "मेडिकल कॉलेजात असतो."

शेजारच्या खाटेवर एक चाचा असायचे. तंबोरे बनवणारे. त्यांच्या हृदयाची एक झडप गळत होती आणि ती कितीतरी वर्षं त्याच आवाजात गळत होती, म्हणून दर परीक्षेला त्यांना मान. तंबोऱ्याच्या तारेखालची घोडी घासून जो घुमणारा नाद काढतात, त्याला जवारी म्हणतात. चाचा विद्यार्थ्यांना म्हणायचे, "ऐक बेटा, नीट ऐक. बरोबर जवारी लागलेली आहे." मला त्यांनी कामाचा नियम शिकवला. विचारल्याशिवाय सांगायचं नाही आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

एका अंतिम परीक्षेला माझ्याकडं एक उंच, किडकिडीत मुलगा आला. त्यानं नळी माझ्या छातीवर डावीकडं ठेवली. ऐकलं. पुन्हा ऐकलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. मी धीर द्यावा म्हणून हसलो. ठोका नाही आणि माणूस हसतोय, हे त्याला झेपलं नाही. तो पांढराफटक पडला आणि सरळ खाली आला.

मी उठलो, चाचा उठले. आम्ही त्याला उचलून माझ्या खाटेवर घातलं. हवा लागावी म्हणून शर्टाची बटणं सोडली, अंगातला पांढरा कोट काढून मी त्यानंच वारा घालायला लागलो. तेवढ्यात दाराशी बुटांचा आवाज आला. चाचा म्हणाले, "अरे, उघडा काय उभा आहेस? घाल काहीतरी!" मी हातातला कोट घातला. नळी खाली पडली होती, ती पायाखाली येऊ नये म्हणून गळ्यात अडकवली.

बाहेरगावचे परीक्षक आत आले. त्यांनी खाटेवर उघड्या छातीनं पडलेला पेशंट बघितला आणि शेजारी कोट घालून उभा असलेला मी.

"हं, सांगा. काय सापडलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, की सर मी तो नव्हे. पण त्यांनी हात वर केला. "प्रस्तावना नको. मुद्द्यावर या."

आता माझी स्वतःची केस मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली होती की ती आपोआप बाहेर पडली. "सर, रुग्णाचं हृदय उजव्या बाजूला आहे. यकृत डावीकडं. रुग्णाला कसलाही त्रास नाही."

परीक्षकांनी वाकून त्या मुलाच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग सरळ होऊन म्हणाले, "हृदय डावीकडं आहे."

"व्हय सर. ह्याचं डावीकडंच असणार."

"मग उजवीकडं कुणाचं आहे?"

"माझं."

पलीकडं चाचा भिंतीकडं तोंड करून हलत होते. परीक्षक म्हणाले, "तुम्हाला नापास करण्याशिवाय माझ्याकडं पर्याय नाही." कोणत्याही परीक्षेला न बसता नापास झालेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

एवढ्यात तो मुलगा शुद्धीवर आला. परीक्षकांनी त्याला विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"सर, भीती वाटते," तो म्हणाला, "हा माणूस मेलेला आहे."

मग विभागातले मोठे डॉक्टर धावत आले आणि सगळा उलगडा झाला. मी कोट काढला, खाटेवर पडलो, परीक्षकांनी माझ्या उजव्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटले. त्या मुलाला पाणी पाजून चाचांच्या खाटेवर पाठवलं. तिथं त्यानं गळकी झडप बरोबर ओळखली आणि तो पास झाला. जाताना परीक्षकांनी मला विचारलं, "एरवी काय करता?"

"हेच."

"हेच म्हणजे?"

मी शर्टाची बटणं लावायला लागलो. दुपारी जेवणात भात कालवताना मी तोच शब्द मनात घोळवत होतो. एक्स-रेवाल्या बाई समोर बसल्या होत्या. त्यांना सगळी गोष्ट कळली होती आणि त्या ठसका लागेपर्यंत हसल्या होत्या. मग म्हणाल्या, "दर वेळी माझ्या खोलीत घुटमळत असतोस. पडून राहायचा कंटाळा आला नाही अजून? कोर्स असतो याचा. शीक की."

मला हे पहिल्यांदाच कुणीतरी बोटं न दाबता सांगितलं होतं. मी शिकलो. वडिलांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उभ्यानं करायचं काम हाय ना? मग बास."

आता मी साताऱ्यात एक्स-रे काढतो. पहिल्या आठवड्यात कोरेगावकडची एक आजी आली होती. तिची हनुवटी फळीवर टेकवून मी म्हणालो, "आजी, मोठा श्वास घ्या आणि धरा." फोटो झाला. तेवढ्यात आतून डॉक्टरांनी हाक मारली म्हणून मी गेलो. परत आलो तर आजी तशीच, गाल फुगलेले, तोंड लालबुंद.

"आजी, सोडा की!"

तिनं भसकन श्वास सोडला आणि माझ्या दंडावर चापट मारली. "धर म्हनलास. सोड कवा म्हनलास रं?"

फोटो जरा हलला होता, दुसरा काढावा लागणार होता. मी घाबरत घाबरत तसं सांगितलं. "काढ," ती म्हणाली, "पर आता कुठं जाऊ नगं." आणि पदर सारखा करून तिनं हनुवटी पुन्हा फळीवर ठेवली.