मामांच्या वहीतला तिसरा रकाना

जगात दोनच गोष्टी असतात, चालू आणि बंद, असं ठामपणे मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मोहने गावचे, बायकोचे हे मामा निवृत्त वायरमन. कोणाकडेही गेले की पाण्याच्या आधी घरातली बटणं दाबून पाहणार. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांच्या एका हातात अक्षता आणि दुसऱ्यात टेस्टर होता! खिशात कायम एक वही, तिच्यात तीन रकाने: कुठे, काय बिघाड, कधी दुरुस्त. जे दुरुस्त होणारच नाही, त्याच्यापुढे सरळ काट मारायची. एकुलत्या एका नातीच्या बारशाला बायका कौतुकाने म्हणत होत्या, "आत वळलेले अंगठे, लक्ष्मीची पावलं गं!" मामांनी वहीत लिहिलं, 'नात. दोन्ही पायांचे अंगठे आखूड, आत वळलेले.' मामी त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

पोर पाच वर्षांची झाली आणि तिच्या पाठीवर टणक गाठ आली. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासू. तारीखही ठरली. सगळ्यांनी माना डोलावल्या, मामा मात्र उसळले. "फॉल्ट सापडल्याशिवाय भिंत फोडायची नाही!" नात, वही आणि मी, अशी वरात त्यांनी थेट ठाण्याला आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाईंनी ती नोंद वाचली, पोरीचे मोजे काढले आणि म्हणाल्या, "आजोबा, ऑपरेशन थांबवा. आधी रक्त तपासू."

रिपोर्ट आला त्या दिवशी मामा फोनवर ओरडतच होते. "जावईबापू, सापडला! अहो, पेशीच्या दारावर प्रोटीनची बेल असते. हाड बांधायचा निरोप आला की वाजते, काम झालं की गप्प. हिच्या बेलमध्ये जन्मापासून बारीकशी चूक. कोणी न दाबता वाजते! आतले गवंडी उठतात नि स्नायूच्या जागी हाड बांधायला घेतात. मार लागला, दंडात सुई टोचली, की आणखी जोरात. तो तुकडा काढला असता ना, तर..." एवढं बोलून मामांनी फोन ठेवला. त्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाठीवर सुरी चालली नाही, हा आनंद खराच. पण बेल कायमची बंद करणारं औषध अजून नाही. मामांनी घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला फोम गुंडाळलाय. शाळेतल्या बाईंपासून शिपायापर्यंत सगळ्यांना बेल समजावून झालीय.

परवा गेलो तेव्हा नात त्यांना बिलगून बसली होती. तिचा डावा हात आता पूर्ण वर जात नाही. "आजोबा, माझी बेल तुम्ही बंद करणार ना?"

मामांनी वही उघडली. तिच्या नावापुढचा तिसरा रकाना कोरा होता, काट नव्हती. मामांनी खिशातलं पेन काढून तिच्या उजव्या हातात दिलं.

"जागा ठेवलीय बघ. ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी तारीख तूच लिही."

तिने पेन नीट टोपण लावून दप्तरात ठेवलं.