अ‍ॅसिडची उदकशांत

आमच्या साडूंइतका भित्रा आणि तितकाच धाडसी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारे हे गृहस्थ मागच्या अंगणात नायट्रिक अ‍ॅसिडच्या बरण्या बाळगून होते. मूळचे रत्नागिरीकडचे, सिल्वासाला सरकारी कचेरीत, राहायला तिथल्याच टोकरखाड्यातल्या कॉलनीत, आणि नाद पितळी पाट्यांचा. पत्र्याला मेण फासायचं, सुईनं नाव कोरायचं, पत्रा अ‍ॅसिडात बुडवायचा. मेण निघालेली अक्षरं तेवढी खाल्ली जात. ऐंशीच्या दशकात कॉलनीत ज्याच्या दाराला साडूंची पाटी नाही, तो नुकताच राहायला आलेला समजावा.

पण त्यांचा खरा जीव पाटीत नव्हे, उरलेल्या अ‍ॅसिडाच्या निरोपात. माझी मेहुणी कुमुदताई वैतागून म्हणायची, "घरात ते तरी राहील नाहीतर मी! गटारात ओता एकदाचं."

"गटार विहिरीच्या कडेनं जातं," साडू शांतपणे म्हणत. "आणि विहिरीचं पाणी तू पितेस." त्यांच्या संसारातलं हे सर्वांत प्रेमळ वाक्य असावं.

मग एखाद्या रविवारी अ‍ॅसिडची 'उदकशांत' निघे. भटजी मंत्रलेलं पाणी शिंपडून घराची शांत करतात, त्यावरून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. रबरी हातमोजे, कारखान्यातला गॉगल, प्लास्टिकच्या टबात भरपूर पाणी. "आधी उदक, मग अ‍ॅसिड! उलट केलंत तर तोंडावर उडेल," असं बजावत ते बारीक धार सोडत, मग धुण्याचा सोडा चिमूट चिमूट टाकत. फसफस थांबली आणि जास्वंदीच्या रसात रंगवलेला कागद लाल व्हायचा थांबला, की शांत झाली. तळाचा निळसर गाळ डब्यात बंद होऊन जवळच्या मसाटच्या कारखान्यात रासायनिक कचऱ्याबरोबर जाई.

एकदा मसाटला कामाला असलेल्या खानदेशी शेजाऱ्याला ते म्हणाले, "रविवारी उदकशांत आहे, या." तो बायकोला पैठणी नेसवून, नारळ घेऊन हजर. "भाऊ, भटजी कोठे शेतस?"

"मीच," गॉगलमधून उत्तर आलं. आलेल्या पाहुण्यांना रिकाम्या हाती कसं पाठवणार, म्हणून कुमुदताईनं घाईघाईनं शिरा ढवळला. तेव्हापासून अ‍ॅसिडच्या शांतीला शिरा ठरूनच गेला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साडू झोपेतच गेले. दिवसकार्य झालं, खऱ्या भटजींनी घराची उदकशांत केली. त्या सगळ्यात कुमुदताई रडली नाही, याचीच आम्हाला धास्ती वाटत होती. सगळे पांगल्यावर ती मागच्या अंगणात गेली. एक बरणी उरली होती.

"ताई, मी करतो," मी म्हणालो.

"आधी काय घालतात?"

मी थेट बरणीला हात घातला.

"व्हा बाजूला." तिनं ते ढगळ हातमोजे चढवले, गॉगल लावला, टबात पाणी भरलं. बारीक धार, मग सोडा. बराच वेळ फसफसलं आणि थांबलं. कागद लाल झाला नाही.

मला साडूंची फार आठवण आली. कुमुदताईनं गॉगल काढला, तो आतून ओला होता.

"झाली शांत," ती म्हणाली. "जाऊ नका. शिरा केलाय."