बायकोचा पेपर मी लिहिला

बायकोच्या स्वभावाची परीक्षा बायकोलाच देऊ द्यावी. मी ती तिच्याऐवजी दिली आणि अख्ख्या राई गावासमोर नापास झालो.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे अपमान किती खोल होता ते नीट कळेल. मीरा-भाईंदरच्या हाटकेश भागातल्या एका कारखान्यात मी पर्सोनेल विभागात आहे. माणसं निवडणं हे माझं काम. उमेदवार दारातून येऊन खुर्चीत बसेपर्यंत त्याचा स्वभाव मला कळलेला असतो, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. (जे टिकले त्यांची नावं मी सांगतो. जे पळाले त्यांची कोणी विचारत नाही.) राहतो पूनम सागरमध्ये, मूळचा सांगलीकडचा. बायको सुरेखा मात्र इथलीच, भाईंदरच्या राई गावातल्या आगरी घरातली. आजोबांच्या काळात त्यांची मिठागरं होती, आता तिचा भाऊ किशोर टेम्पो चालवतो. आमचा प्रेमविवाह आहे. कॉलेजच्या कँटीनमध्ये मी तीन वर्षं बोललो, तिने तीन वर्षं ऐकलं आणि मग आम्ही लग्न केलं.

गेल्या वर्षी आमची मिताली शिकायला पुण्याला गेली. घर रिकामं झालं. एका सकाळी चहा गाळताना सुरेखा म्हणाली, "मला आता काहीतरी करायचंय. स्वतःचं असं. खरं म्हणजे माझ्या मनात एक..."

"एकदम बरोबर," मी म्हणालो. "पण आधी स्वभाव बघायचा. मग त्या स्वभावाला जुळणारं काम शोधायचं. लोक आयुष्यभर चुकीच्या खुर्चीत बसून कुढत राहतात ते का? कारण त्यांनी स्वभाव तपासलेला नसतो."

हे सांगायला मला अर्धा तास लागला. तोवर चहा गार झाला आणि तिच्या मनातलं ते 'एक' मनातच राहिलं.

मितालीला फोन केला तर तिने एक लिंक पाठवली. जगात म्हणे सोळा प्रकारची माणसं असतात, साठ प्रश्नांची उत्तरं दिली की आपण त्यातले कितवे ते कळतं आणि खाली कामांची यादी येते. सुरेखा कोळंबी साफ करत होती, तिचे हात भरलेले. म्हणून फोन मी घेतला आणि तिला एकेक प्रश्न वाचून दाखवू लागलो.

"मनातलं बोलून दाखवता का?"

"आता बघा, तसं..."

"नाही. बरोबर." मी बोट टेकवलं.

"चारचौघांत पुढाकार घेता का?"

"माहेरी असले की मी..."

"माहेर वेगळं गं. नाही." पुढचा प्रश्न. "मोकळ्या वेळात काय करायला आवडतं?"

"दर गुरुवारी जनाआत्याकडे जाते ना, तिथे आम्ही..."

जनाआत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. मी 'ज्येष्ठ नातेवाइकांबरोबर शांत वेळ घालवणे' या पर्यायावर बोट ठेवलं. माझ्या समजुतीप्रमाणे तिथे पापड लाटले जात. साठ प्रश्न अकरा मिनिटांत संपले. अनुभव लागतो याला.

निकाल आला: शांत निरीक्षक. अबोल, एकांतप्रिय, गर्दीत गुदमरणारा स्वभाव. योग्य कामं म्हणजे ग्रंथालय, दप्तरखाना, संशोधन. मी तो सुरेखाला मोठ्याने वाचून दाखवला. तिने कोळंबी धुतली, हात पुसले आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. काहीच बोलली नाही. बघा, मी मनात म्हटलं, निकाल किती अचूक आहे!

पुढच्या आठवड्यात मी तिला काम मिळवूनही दिलं. आमच्याच भागात परब सरांची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली तिथे दिवसभर वाचत बसतात. भिंतीवर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिलाय, शांतता. दाराशी टेबल टाकून बसायचं आणि ती शांतता सांभाळायची, एवढंच काम. याहून जुळणारी खुर्ची मीरा-भाईंदरमध्ये शोधून सापडली नसती.

तीन आठवड्यांनी परब सर स्वतः घरी आले. सुरेखा बाहेर गेली होती.

"वहिनी फार चांगल्या आहेत," त्यांनी सुरुवात केली. माणूस अशी सुरुवात करतो तेव्हा पुढे काय येणार ते पर्सोनेलवाल्याला कळतं. "पण आता सगळे त्यांच्याच टेबलाभोवती बसतात. कोणाचं घरी भांडण झालंय, कोणाला परीक्षेची धास्ती आहे, वहिनी सगळ्यांचं मार्गी लावतात. पोरं खूश आहेत हो. एक मुलगी अभ्यास सोडणार होती, तिच्या बापाला फोन करून वहिनींनी असा सरळ केला की तो आता स्वतः डबा घेऊन येतो. पण काल दुपारी पोरं पेंगत होती, तर वहिनींनी गाणं म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातले पेशंट वर आले ऐकायला."

"गाणं? सुरेखाने?"

"आवाज काय आहे त्यांचा! पण साहेब, अभ्यासिका आहे ती."

मी दोन मिनिटं विचार केला आणि निष्कर्ष काढला. एकांतप्रिय माणसाला माणसांत बसवलं की ताण येतो, आणि ताणाखाली माणूस स्वभावाविरुद्ध वागतो. म्हणजे चूक रिपोर्टची नव्हती. खुर्ची अजून पुरेशी एकांतात नव्हती.

आमच्या कारखान्यात एक रेकॉर्डरूम आहे. लोखंडी कपाटं, एक ट्यूबलाइट, खिडकी नाही. आधीचा माणूस निवृत्त झाल्यापासून तिथे पालीशिवाय कोणी जात नाही. मी आमच्या शेठना जाऊन सांगितलं, "सर, माझ्या मिसेससारखा माणूस मिळणार नाही. तोंडातून शब्द फुटत नाही." शेठ खूश झाले. सोमवारपासून यायचं ठरलं, फक्त शनिवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत होकार कळवायचा होता.

सुरेखाला सांगितलं तेव्हा ती कपडे घडी करत होती. हातातला टॉवेल तिने चार वेळा घडी करून चार वेळा मोडला.

"खिडकी नाही?" तिने विचारलं.

"एकाग्रता वाढते."

"मला विचार करायला शनिवारपर्यंत वेळ द्या. आणि शनिवारी सन्नीची हळद आहे, लक्षात आहे ना?" सन्नी म्हणजे किशोरचा मुलगा. तिचा आवाज जरा ओला लागला. मला वाटलं, भाच्याच्या लग्नाने हळवी झाली असेल. आज तो आवाज आठवला की मला माझी लाज वाटते.

शनिवारी पाचला राईत पोचलो. दारात मांडव, बाजूला माणसाच्या उंचीचे डीजेचे खोके, आणि पाटावर सन्नी उघड्या अंगाने हळदीची वाट बघत बसलेला. पण हळद लागत नव्हती. सगळे हळू आवाजात बोलत होते. जनाआत्याचा घसा बसला होता.

आता इथे सांगायला हवं की आगरी लग्नात मांडवापासून वरातीपर्यंतची एकेक पायरी बायका गाण्यांतून पार पाडतात. ती गाणी म्हणजे धवले, आणि ती म्हणणारी, कोणी कुठे बसायचं, काय आधी काय मागून हे सांगणारी बाई म्हणजे धवलारीण. सुरेखाच्या माहेरी धवला झाल्याशिवाय हळदीला बोट लावत नाहीत. जनाआत्या चाळीस वर्षं धवलारीण आहे. त्या दिवशी तिच्या तोंडून फक्त वारा येत होता. दुसऱ्या धवलारणीला फोन केला तर ती शेजारच्या मुर्ध्यात दुसऱ्या लग्नात अडकलेली.

"मोबाइलवर लावूया काय रेकॉर्डिंग?" कोणीतरी म्हणालं.

जनाआत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो मांडवाबाहेर गेला. मग तिने हात उचलला आणि बोट सुरेखाकडे केलं.

साडेसहा वाजले होते. सुरेखा जागच्या जागी उभी होती, दोन्ही हातांनी पदराचं टोक धरून. माझ्यातला नवरा आणि पर्सोनेल अधिकारी दोघंही एकदम उठले.

"आत्या, माफ करा," मी मांडवाच्या मध्यभागी जाऊन म्हणालो. "सुरेखाला हे झेपणार नाही. तिचा स्वभाव तसा नाही. गर्दीत गुदमरते ती. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं." आणि मी फोन काढून शांत निरीक्षकाचा रिपोर्ट जनाआत्याच्या नाकासमोर धरला.

दोनेकशे माणसं बघत होती. जनाआत्याने चष्मा लावून रिपोर्ट वाचल्यासारखा केला. तिला वाचता येत नाही. मग तिने किशोरकडे बघून भुवया उडवल्या.

"दाजी," किशोर म्हणाला, "कोनाबद्दल बोलताव तुमी? ताईबद्दल? ही लहानपनी मिठागरावरनं हाक मारायची तं स्टेशनावर मानूस मागं वळून बघायचा."

"अरे, पण परीक्षेत..."

"परीक्षा कोनी दिली?"

या प्रश्नाचं उत्तर सुरेखाने दिलं. "यांनी," ती म्हणाली.

मांडव हसला. सुरेखा हसली नाही. तिने माझ्या हातातून फोन घेतला, रिपोर्ट बंद करून तो माझ्याच खिशात ठेवला, पदर कमरेला खोचला आणि वळली.

"ए किशोर, त्या डीजेवाल्याला जेवायला बसव. पाट जरा हिकडं फिरवा, उगवतीला. हलद कुठं हाय? पोरींनो, मागं सरा, आधी पाच सवाशिनी पुढं येऊ द्या. आत्ये, तू हितं बस, माझ्या बाजूला. चुकले तं चिमटा काढ."

हा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणजे बाई तीच होती, पण या बाईला मी भेटलो नव्हतो. तिने डोळे मिटले आणि धवला सुरू केला.

मला गाण्यातलं काही कळत नाही. एवढंच सांगतो की पहिल्या ओळीला स्वयंपाकाच्या बायका भांडी टाकून बाहेर आल्या आणि तिसऱ्या ओळीला सन्नीच्या डोळ्यांत पाणी होतं. एकेक कडवं संपलं की बायका ते उचलायच्या, ती पुढचं द्यायची. कुठे अडली नाही, कागद नाही, काही नाही. मध्येच खुणेने कोणाला पाणी द्यायला सांगायची, रुसून कोपऱ्यात बसलेल्या मामीला नाव घेऊन गाण्यातच पुढे बोलवायची. दोनशे माणसं तिच्या बोटावर हलत होती. जनाआत्याने एकदाही चिमटा काढला नाही, नुसती मांडीवर ताल धरून बसली होती. माझा ऊर भरून आला, आणि त्यात माझं काहीच कर्तृत्व नाही हे कळत असूनही आला.

बरोबर सात वाजता फोन वाजला. शेठ.

"हाँ भाई, मिसेस का क्या हुआ? और ये पीछे कौन गा रहा है?"

"मिसेस, सर."

"कौन, वो रेकॉर्डरूमवाली?"

"हो सर. म्हणजे, जी."

"आप तो बोले थे मुँह से शब्द नहीं निकलता." मग कडवं संपेपर्यंत ते ऐकत होते. "बीस साल से हमारे आदमी आप ही सिलेक्ट करते हो ना?"

"जी."

"सोमवार को केबिन में आना."

तोवर हळद लागून झाली होती आणि चिडवायच्या गाण्यांना रंग चढला होता. त्यात पाहुण्यांची नावं घेऊन टिंगल करतात, आणि ती धवलारणीने जागच्या जागी रचायची असते. सुरेखाची नजर मांडवभर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"शहाना जावय आयला हलदीला, बायकोचा पेपर यानंच लिवला!"

बायकांनी ही ओळ सात वेळा म्हटली. मी मोजली. आजही राईत मला त्या ओळीनेच ओळखतात.

घरी परतताना स्कूटरवर मी विचारलं, "हे कधी शिकलीस?"

"तीन वर्षं झाली. दर गुरुवारी. आत्याचं वय झालंय, तिच्यामागे कोणीतरी हवं ना. तेच करायचं होतं मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तुम्ही तेव्हा बोलत होतात."

एवढं म्हणून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पूनम सागर येईपर्यंत मी काही बोललो नाही. आमच्या संसारात हे पहिल्यांदाच झालं.

आता सुरेखाच्या तारखा तुळशीच्या लग्नापासूनच्या भरलेल्या असतात. राई, मुर्धे, घोडबंदर, पार वरसाव्यापर्यंत बोलावणं येतं. शिकलेल्या पोरींनाही आपल्या लग्नात धवला हवा असतो, आणि त्यातल्या दोघी दर गुरुवारी आमच्या घरी शिकायला येतात. जनाआत्याचा घसा कधीच बरा झाला, पण ती आता पुढे बसून पान खाते आणि सगळ्यांना सांगते, "ही माजी भाची." मी कोमट पाण्याचा थर्मास आणि सुरेखाची पर्स घेऊन मांडवात मागे बसतो. शेठनी मला नोकरीवर ठेवलं, पण उमेदवार निवडताना आता शेजारी आणखी एक जण बसवलाय.

परवा मिताली सुट्टीला आली. म्हणाली, "बाबा, आता तुमचा स्वभाव बघू." माझे हात गाडी पुसून ग्रीसने भरलेले. म्हणून फोन सुरेखाने घेतला.

"दुसऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेता का?" तिने वाचलं.

"हे बघ, त्याचं कसं असतं, की..."

"नाही. बरोबर," ती म्हणाली आणि पुढचा प्रश्न वाचू लागली.